उपासाच्या फळीवरची डबी

टच्.

सगळं घर गप्प होतं, तेवढ्यात हा आवाज आला. नवरात्रातली रविवार सकाळ. देवीपुढची अखंड दिव्याची वात तेवढी जळत होती. बा एकदा न्हाली की पूजा आटपेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघायचा नाही, आणि बाचं मौन म्हणजे अख्ख्या घराचं मौन. सहा वर्षांची पंखीसुद्धा दूध मागायला आली ती दोन बोटं ओठांवर टेकवून. तिची आई तोरल उंबऱ्यात बसून तिच्या चणियाचं, गरब्याच्या घागऱ्याचं, सुटलेलं आभलं शिवत होती. काल रात्री शेरीतल्या, आपल्या गल्लीतल्या गरब्यात पंखीने इतक्या गिरक्या घेतल्या होत्या की निम्मी आभली दोऱ्यावर लोंबत घरी आली.

टच्.

तोरलची सुई हवेतच थांबली. हा आवाज तिच्या चांगला ओळखीचा. चंदेरी पाकिटातली गोळी अंगठ्याने बाहेर ढकलली की होतो, तो. दर गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरातून तो तीनदा यायचा. मग तांब्यातल्या पाण्याचा घोट, मग सासूबाईंचं, म्हणजे बाचं, मोठ्याने 'जय जलाराम'. इतके महिने हा आवाज ऐकला की तोरलला बरं वाटायचं. आज गोळी पोटात गेली, आता आठवडाभर काळजी नाही.

पण आज गुरुवार कुठे होता?

टच्.

चणिया सुईसकट फेकून तोरल धावली. उपासाच्या फळीखाली बा उभी होती. न्हालेली, ओले केस पाठीवर, डाव्या हातात तांब्या, उजव्या तळव्यावर तीन पिवळ्या गोळ्या. हात ओठांपर्यंत पोचला होता. तोरलने झडप घालून मनगटच पकडलं.

बाचे डोळे हे एवढे झाले. मौन सुटलेलं नव्हतं, त्यामुळे भांडण खुणांनी सुरू झालं. बाने आधी दिव्याकडे बोट केलं. मग तोरलच्या हाताकडे. मग नाकाला पदर लावून भुवया उडवल्या.

"न्हालेय मी, बा! न्हाऊनच शिवलंय तुम्हाला. हे काय घेताय?"

बाने गोळ्यांकडे हनुवटी केली, देवीकडे हात केला, मग पोटावर थाप मारून तळवा उलटा फिरवला. आज उपास. एवढंही कळत नाही का, असा तिचा चेहरा.

आणि तोरलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बा, काल घेतलीत?"

मान हलली. हो.

"परवा?"

हो. परवाही. परवा घट बसले, तेव्हापासून रोज.

"अरे देवा! पंखी, माझा फोन आण. पळ!"

"सोड हात!" बाचं मौन शेवटी सुटलं, आणि सुटलं ते असं की दाराबाहेरची चिमणी उडाली. "सणासुदीला सासूचा हात पिरगाळतेस? उपासाची गोळी उपासाला घेतेय, चोरी करत नाहीये!"

उपासाची गोळी. हे नाव बाचंच.

बाच्या हातापायांना सोरायसिस होता. तोरल या घरात वहू म्हणून आली तेव्हाच सासूचे तळवे उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे भेगाळलेले होते. रोज सकाळी बाच्या गादीखालून ती सुपलीभर खपल्या झाडायची, आणि बा पाहतेय असं वाटलं की कचरा झाडतेय असं दाखवायची. शेरीत बाच्या गळ्याला तोड नव्हती. तिने गरब्याचा सूर उचलला की पुढच्या गल्लीतल्या बायका ताट अर्धं टाकून यायच्या. पण टाळी? टाळी बाने कित्येक वर्षांत वाजवली नव्हती. मध्यभागी गरब्याच्या घड्याशेजारी बसून ती गायची, दोन्ही हात पदराखाली. समोरच्या बाईच्या तळहातावर आपला तळहात देणं म्हणजे तिला नको व्हायचं. कुणी तोंडावर बोललं नव्हतं. पण एका वर्षी टाळी देता देता एका बाईला हात आवरून घेताना बाने पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

मग ट्रस्टच्या दवाखान्यात वैष्णव मॅडम आल्या, आणि ही गोळी आली. मॅडमनी तोरललाही शेजारी बसवून नीट समजावलं होतं. गोळी गुणी आहे पण तापट आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची. बाकीचे दिवस ही दुसरी बारकी गोळी, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून. रक्त तपासत राहायचं. आणि तोंड आलं, ताप आला, अंगावर काळंनिळं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात. उद्यावर टाकायचं नाही.

"दिवस कुठला धरू या?" मॅडमनी विचारलं होतं.

"गुरुवार," बा म्हणाली होती. "जलारामबापाचा माझा उपास असतो. उपास मी जन्मात विसरले नाही, मग गोळी कशी विसरेन? ही उपासाची गोळी आणि ती जेवणाची गोळी."

मॅडमना केवढं कौतुक वाटलं होतं! "वा बा, मी सगळ्यांना हेच सांगणार आता." आणि बा कसली थांबतेय! दर खेपेला दवाखान्याच्या बाकावर तिची शाळा भरायची. नवीन बाई दिसली की हिचं सुरू. "उपास कुठला धरतेस? मंगळवार? झालं तर, मंगळवारी ही घे." घरी येऊन उपासाच्या गोळ्यांची डबी सामो आणि राजगिऱ्याच्या डब्यांशेजारी लागली, कारण उपासाचं सगळं त्याच फळीवर असतं. आणि ती तिथे लावली होती तोरलने. स्वतःच्या हातांनी, व्यवस्थित.

आता नऊ दिवस नऊ उपास. म्हणजे तापट गोळी रोज. आणि जेवणाचा दिवसच नाही, म्हणजे सांभाळणारी गोळी एकही नाही.

दवाखान्याच्या कार्डावरचा मॅडमचा नंबर तोरलने लावला. दोनदा नुसतीच घंटी वाजली. तिसऱ्यांदा वैष्णव मॅडमच बोलल्या. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तोरलने एका दमात सगळं सांगितलं. मग मॅडमचा आवाज एकदम बदलला.

"आता एकही गोळी द्यायची नाही. अशाच निघा, मी पण निघते. तोंड आलंय का बघा त्यांचं."

"बा, तोंड उघडा."

बाने ओठ घट्ट मिटले.

"बा!"

"काय बघायचंय? दात मोजणारेस?" बा ओठांच्या कोपऱ्यातून बोलली. "उपासाने उष्णता वाढते माणसाला. ताक प्यायले की जाईल."

"मम्मी," फोन आणून दिल्यापासून दाराच्या चौकटीला लोंबकळणारी पंखी म्हणाली, "बाच्या तोंडात लाल लाल झालंय. इथे आणि इथे. मला दाखवलं ना तिने. म्हणाली तुला सांगितलं तर माता रागावेल."

बाने नातीकडे असं पाहिलं की पंखी चौकटीच्या मागे गेली.

तोरलने गोळ्या डबीत टाकल्या, डबी आणि दवाखान्याची फाईल पिशवीत टाकली, स्कूटरची किल्ली घेतली. नवरा निकुंज पहाटेच माताना मढच्या देवीला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या सेवेला मंडपात गेला होता, फोन घरी चार्जिंगला लावून. त्याच्यावर चिडायलाही वेळ नव्हता. पंखीला पुढे उभं केलं. बा मागे बसली, तोंड फुगवून, दिव्याची जबाबदारी शेजारच्या हंसाभाभीवर टाकून. स्कूटर शेरीच्या तोंडाशी आली असेल नसेल, मागून बाने तोरलच्या पाठीत असा गुद्दा घातला की हँडलच हललं.

"मंगु!"

"काय झालं? दुखतंय?"

"अगं मंगु! कुंभारवाड्यातली! तिलाही मीच सांगितलं ना!"

तोरलने पाय टेकले. तिला मंगुबेन आठवल्या. दवाखान्याच्या बाकावरच्या, मातीने राखाडी झालेल्या कोपरांच्या. गरब्यांचे घडे करतात, नवरात्राआधी महिनाभर त्यांचा हात चाकावरून उठत नाही.

"त्यांचा नंबर?"

"नंबर कुठे? तिचा फोन तिचा नवरा वापरतो."

"बा, आधी तुम्हाला पोचवते. मग मी एकटी जाऊन..."

"ती नऊ दिवस धरते. दरवर्षी. ती आत्ता तांब्या घेऊन उभी असेल!" बाने स्कूटरवरून एक पाय खालीही टाकला. "तू जा दवाखान्यात. मी चालत जाते कुंभारवाड्यात."

"चालत! या तोंडाने!"

"पायाने चालतात, तोंडाने नाही. वळव!"

तोरलने वळवली. वळवली आणि अशी सोडली की पंखीने आनंदाने किंकाळी फोडली. गावात रविवारची गर्दी जमली होती. गल्ल्यागल्ल्यांतून तोरणं ओढणारी माणसं शिड्यांवर, चौकात मंडपवाला बांबू आडवा घेऊन उभा, फाफड्याच्या दुकानापुढे रांग, भोंग्यावर कुणी 'हेलो हेलो माइक टेस्टिंग' करतंय. "बाजूला व्हा, बाजूला!" बा मागून ओरडत होती, जणू वरात काढलीय. चणियाचोळीवाल्याच्या हातगाडीला स्कूटर घासली आणि एक हिरवी ओढणी थेट पंखीच्या मानेत. "ए बेन!" "परत देते!" तळ्याच्या काठाने वळसा, मशिदीमागचा उतार, आणि कुंभारवाड्यातली भट्टीची राख उडवत तोरलने ब्रेक दाबला.

मंगुबेन अंगणात होत्या. खाटेवर, पाय पोटाशी घेऊन. नवरा करसनभाई उरलेले घडे आपल्या छकड्यात, तीनचाकी टेम्पोत, भरत होता.

"मंगु! गोळी घेतलीस आज?" बाने स्कूटरवरूनच विचारलं.

"या या, रंभाबेन. बसा तरी." मंगुबेन उठून बसल्या. "घेतली की. उपास आहे ना."

"कालपण?"

"रोज. तुम्हीच तर सांगितलंत."

बाने कपाळावर हात मारून घेतला. ती खाटेवर बसली नाही, कोसळलीच. तोरलने पुढे होऊन समजावलं. उपास कितीही असोत, गोळी आठवड्यातून एकदाच, तिच्या ठरलेल्या वारी. रोज घेतली तर ती अंगातलं रक्तच खाते. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.

मंगुबेन विचारात पडल्या. "पण मी कुठे पुरती घेतली?"

"म्हणजे?"

"रंभाबेनचा कडक उपास असेल. माझं एकटाणं असतं, संध्याकाळी एकदा जेवते मी. उपास अर्धा, म्हणून गोळीपण कमी. तीन असतात ना, मी एकच घेते. म्हटलं पुरती घेतली तर पाप लागायचं."

बा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. तोंडातल्या फोडांनी ती कळवळली, आणि तरी हसतच राहिली. "माताने वाचवलं तुला, मंगु! माझ्यापेक्षा खोटा उपास केलास म्हणून वाचलीस!"

"खोटा? खोटा काय म्हणता! एकटाण्याला शास्त्र आहे!"

"दवाखान्यात भांडा!" तोरल ओरडली. तिचा आवाज एवढा चढू शकतो हे तिलाच नवीन होतं. करसनभाईच्या हातातला घडा सुटता सुटता राहिला. "दोघी उठा!"

एका स्कूटरवर चौघी मावणार नव्हत्या. घडे उतरवायला वेळ नव्हता. मग त्या तशाच छकड्यात चढल्या, घड्यांच्या मधे मधे, मांडीवर एकेक घडा धरून. करसनभाईच्या छकड्याने फाट फाट फाट करत कुंभारवाडा सोडला. प्रत्येक खड्ड्याला सगळे घडे खणखण वाजायचे आणि पंखी टाळ्या पिटायची. तिच्यासाठी जत्रा होती. रस्त्यावरची माणसं बघत होती. दोन म्हाताऱ्या, एक तरणी, एक पोर, सगळ्यांच्या मांडीवर भोकाभोकांचे रंगीत गरबे. एका पानवाल्याने तर हात जोडले. त्याला वाटलं, कुठे स्थापना करायला निघाल्यात.

हसल्याने बाचा ओठ फुटून बारीक रक्त आलं होतं. तोरलने ओढणीच्या टोकाने ते टिपलं. ती हिरवी ओढणी अजून पंखीच्या गळ्यातच होती.

"कधीपासून दुखतंय, बा? खरं सांगा."

"काल दुपारपासून."

"मॅडमनी सांगितलं होतं, तोंड आलं तर त्याच दिवशी यायचं. विसरलात?"

घड्यांचा खणखणाट चालू होता. बाने मांडीवरचा घडा बाजूला ठेवला आणि दोन्ही तळवे उघडून तोरलपुढे धरले. धुवून पालथ्या घातलेल्या थाळ्यांसारखे स्वच्छ. रेषा दिसत होत्या, भविष्य बघता येईल अशा.

"विसरले नाही," बा म्हणाली. "चांगलं लक्षात होतं. म्हणून तर बोलले नाही. आले असते तर तुमच्या मॅडमनी गोळी बंद केली असती. बंद केली की हे परत. आठमीला मला डोक्यावर गरबा घेऊन फिरायचंय, तोरल. परवा पहिल्या दिवशी मी टाळी दिली ना, समोर जमनी होती. तिने हात मागे नाही घेतला. एकदाही नाही. म्हटलं, आठमीपर्यंत कळ काढते. मग सांगते."

तोरलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ते दोन्ही तळवे आपल्या हातांत घेतले आणि पुढचा खड्डा येईपर्यंत घट्ट धरून ठेवले.

दवाखान्याच्या दारात वैष्णव मॅडम उभ्याच होत्या. घरातलाच ड्रेस, केसांना रबर, एका हाताला पीठ. "या या या!" त्यांनी एकाच वेळी चार माणसं कामाला लावली. दोघींचं रक्त काढलं. बाच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि जीभ टाळूला लावून 'च्' केलं. एक इंजेक्शन, या गोळीवरचा उतारा. मग बाटली लावली. रिपोर्ट येईपर्यंत तोरल बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिली, आणि पंखी तिच्या मागे मागे, तशीच, हात मागे बांधून.

मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या तेव्हा तोरलला त्यांचा चेहरा वाचता येईना.

"पांढऱ्या पेशी खाली आल्यात, पण फार नाही. किडनी ठीक आहे. मंगुबेनचं सगळं जवळपास चांगलं आहे. आज आलात म्हणून, तोरलबेन. नऊ दिवस झाले असते ना..." तोरल तिथेच पायरीवर बसली. मॅडमही शेजारी बसल्या. "तुम्ही ऐकलंत कसं पण?"

"पाकिटाचा आवाज झाला."

मॅडम हसायला गेल्या आणि एकदम थांबल्या. "एक मिनिट. तुमच्या सासूबाईंची ती युक्ती..." त्या उठून उभ्या राहिल्या. "मी सगळ्यांना सांगितलीय. सहा महिने तेच सांगतेय मी. सिस्टर! या गोळीवाल्या सगळ्यांचे नंबर काढा. आत्ता!"

मग दवाखान्यात जी धांदल उडाली! सिस्टर फोन लावत होत्या, मॅडम दुसऱ्या फोनवर, तोरल तिसऱ्या. निम्म्या बायका न्हायला गेलेल्या, निम्म्या मौनात. एकीने तर सिस्टरना सुनावलं की नवरात्रात औषध टाळायला सांगता, तुम्ही कुठल्या धर्माच्या? सिस्टर रडकुंडीला आल्या. आत खाटेवरून हे सगळं ऐकणारी बा शेवटी गरजली, "तो फोन इकडे आण!"

एका हाताला बाटली, दुसऱ्या हातात फोन. "कोण, शारदा? मी रंभा बोलतेय, बाकावरची. हो, तीच, उपासाची गोळीवाली. ऐक. मी चुकीचं सांगितलं होतं." हे शब्द बाच्या तोंडून तोरलने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले. "उपास सोडून दे डोक्यातून. तुझा मंगळवार ना? मग मंगळवार म्हणजे मंगळवार. जेवलीस तरी मंगळवार, उपाशी राहिलीस तरी मंगळवार. दिवाळी असली, सुतक असलं, जावई आला तरी मंगळवार. आणि दुसरी ती बारकी गोळी बाकीच्या दिवशी, पोटात काही असो नसो. काय? माता रागावेल? माता माझ्या तोंडात येऊन बसलीय फोड होऊन, तिनेच सांगितलंय. आणि घेतल्या असशील तर लपवू नकोस. मी लपवलं, आता बाटली लावून पडलेय. रिक्षा कर आणि ये. मी इथेच आहे, गप्पा मारू."

मंगुबेन शेजारच्या खाटेवर पाय हलवत ऐकत होत्या. "एकटाण्याचं पण सांगा," त्या म्हणाल्या.

दुपारपर्यंत तीन बायका रिक्षाने आल्या. एकीने दोन दिवस घेतली होती, एकीने एक, आणि तिसरीने एकही नाही, पण उपासाला सोबत म्हणून आली होती. दवाखान्याचा तो वॉर्ड म्हणजे शेरीच झाला. उपासाचा बटाट्याचा चिवडा निघाला. वैष्णव मॅडम घरी गेल्याच नाहीत. त्यांनी डब्यांवर लावायला कोरे कागद आणले आणि बा जसं सांगेल तसं लिहिलं. वरती फक्त वार, ठळक, दुसरं काही नाही. बाच्या डबीवरही एक चिकटला: गुरुवार.

"पण ही तुम्ही सध्या घरी नेऊच नका, बा," मॅडम डबी आपल्या खिशात टाकत हळूच म्हणाल्या. "काही आठवडे गोळी पूर्ण बंद. रक्त वर आलं, तोंडातले फोड भरले, की बघू. परत हीच द्यायची की दुसरं काही, तेव्हा ठरवू. मधल्या काळात मलम देते."

बाने मान हलवली. भांडली नाही. तेच तोरलला जड गेलं.

संध्याकाळी वॉर्ड रिकामा झाला. मंगुबेनना करसनभाई घेऊन गेला. जाताना एक निळा घडा बाच्या खिडकीत ठेवून गेल्या, आत पणती लावून. बाला रात्रभर राहायचं होतं. भोकांतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले. निकुंज धापा टाकत आला, ओशाळून उभा राहिला, मग चहा आणायला गेला. आणि तेवढ्यात लांबून भोंगा सुरू झाला. आधी खरखर, मग ढोल. आपल्याच शेरीचा. बाच्या जागी आज जमनाबेन, बाची जमनी, गात होत्या, सूर जरा खालीच लागला होता.

"वर घे, वर घे," बा खाटेवरून पुटपुटली.

पंखी उडी मारून खाटेवर चढली. अंगात हंसाभाभीने घरून आणून दिलेला तोच चणिया, शेवटचं आभलं तोरलने दुपारी व्हरांड्यात बसून शिवलेलं. ती बासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने तळवा पुढे केला. बाने सुई लावलेला हात मांडीवर ठेवला, मोकळा हात वर उचलला.

टाळी. भोंग्यावर ढोल पुढे गेला. टाळी. परत टाळी. तोंड दुखत होतं तरी बा बारीक आवाजात गुणगुणायला लागली आणि तिचा सूर लांबच्या जमनाबेनपेक्षा वर लागला. पंखी हसत होती. तोरल दाराला टेकून उभी होती. सकाळपासूनची धावपळ तिच्या अंगात अजून ढोलासारखी वाजत होती, आणि तिला एकदम वाटलं, झालं, जिंकलो आपण, बा आहे.

पंखी मधेच थांबली. बाचा तळवा दोन्ही हातांत घेऊन तिने तो खिडकीतल्या घड्याजवळ नेला, उजेडाच्या ठिपक्यांखाली, आणि बोटाने त्याच्या रेषांवरून फिरत राहिली. बा डोळे मिटून होती. पण गुणगुणणं थांबलं होतं.

"मम्मी," पंखीने मान वळवून विचारलं, "आता गोळी नाही, तरी पुढच्या नवरात्रातपण बाचे हात असेच राहतील ना?"